स्मोक मशीन बिघडते तेव्हा

स्मोक मशीनला नाव धुराचे असले तरी ते काहीही जाळत नाही. ग्लायकोल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण ते तापलेल्या धातूच्या नळीत दाबाने ढकलते. नळीत त्याची वाफ होते, ती तोंडातून बाहेर पडून गार हवेला भिडते, आणि तिचे अतिसूक्ष्म थेंब बनून हवेत तरंगू लागतात. पावसाळ्यात आंबा घाटात उतरणारे धुके आणि कोकणातल्या नमन या लोककलेच्या मंचावर संकासुराच्या सोंगाभोवती उठणारा पांढरा लोट यांची घडण एकच. दुरुस्ती करणाऱ्याने ही गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. मशीनमधून जळका वास आला, धूर पिवळट किंवा काळसर दिसला, तर आत जे जळू नये ते जळते आहे असे समजावे आणि तिथेच बटण बंद करावे.

डास मारण्यासाठी नगरपरिषद किंवा ग्रामपंचायत जे धूरफवारणीचे यंत्र फिरवते ते वेगळे. त्यात डिझेल किंवा रॉकेलमध्ये मिसळलेले कीटकनाशक असते. त्याचे तेल मंचावरच्या यंत्रात घातले तर आग लागू शकते. या लेखात फक्त मंचावरच्या, पाण्यात मिसळलेल्या द्रवावर चालणाऱ्या यंत्राचा विचार केला आहे.

रत्नागिरीत या यंत्राचे वर्ष ठरलेले असते. गणपतीत जाखडी नाचासाठी ते बाहेर निघते, स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात राज्य नाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना लागते, दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत आणि पुढे मे महिन्यापर्यंत वाडीवाडीतल्या नमनाला जाते, आणि मृगाचा पाऊस सुरू झाला की माळ्यावर चढते. या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच काळात कोसळतो. वर खाऱ्या वाऱ्याची भर. म्हणून इथली बहुतेक मशीन खेळाच्या रात्री बंद पडली तरी बिघडलेली असतात ती माळ्यावर. टाकीत राहिलेला द्रव नळीत चिकट होतो, हीटर दमट हवा शोषतो, टर्मिनलवर हिरवट बुरशीसारखा थर चढतो. दुरुस्तीला बसताना पहिला प्रश्न हा विचारावा, की मशीन शेवटचे कधी चालले आणि ठेवताना टाकी रिकामी केली होती का. उत्तर ऐकून निम्मा बिघाड समजतो.

आत काय असते

झाकणाचे स्क्रू काढले की पाच गोष्टी दिसतात. मागच्या बाजूला प्लॅस्टिकची टाकी. तिच्यात बुडालेली नळी आणि नळीच्या टोकाला छोटी जाळी. मध्ये अंगठ्याएवढ्या जाडीचा पंप. पुढे पांढऱ्या उष्णतारोधक लोकरीत गुंडाळलेला ॲल्युमिनियमचा ठोकळा, हाच हीटर. त्याच्या पोटात विजेचे एलिमेंट आणि द्रव वाहण्याची वळवळती नळी दोन्ही ओतलेली असतात. ठोकळ्याच्या अंगाला चिकटवलेले एक किंवा दोन थर्मोस्टॅट आणि एक थर्मल फ्यूज. शेवटी नोझल, म्हणजे पितळेचे बारीक छिद्राचे तोंड.

काम असे चालते. बटण दाबल्यावर हीटर तापू लागतो. ठोकळा पुरेसा तापला, म्हणजे साधारण दोनशे ते तीनशे अंशांच्या घरात गेला, की थर्मोस्टॅट पंपाकडे जाणारी वाट मोकळी करतो आणि रिमोटवरचा दिवा लागतो. त्याआधी रिमोट कितीही दाबला तरी पंप हलत नाही. धूर सोडत राहिले की ठोकळ्यातली उष्णता वाफेबरोबर निघून जाते, तो थंडावतो, आणि थर्मोस्टॅट पंप पुन्हा तोडतो. मग मिनिटभर किंवा थोडे अधिक थांबावे लागते. हा बिघाड नव्हे. ऐन प्रवेशात धूर थांबला म्हणून मशीन वाईट ठरवण्याआधी हे पाहावे की त्याआधी किती वेळ सलग सोडला होता. लहान, ४०० वॅटच्या मशीनकडून मोठ्या मैदानातला मंच भरून काढण्याची अपेक्षा ठेवली तर ते थांबणारच.

पंप हा साध्या मोटरीसारखा फिरत नाही. त्याच्या वेटोळ्यात एक लोखंडी दट्ट्या असतो आणि घरातल्या विजेच्या ५० हर्ट्झ तालावर तो सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होतो. कॉफीच्या एस्प्रेसो यंत्रातही याच जातीचा पंप असतो. म्हणून स्मोक मशीनचा पंप बाजारात मिळाला नाही, तर कॉफी मशीन दुरुस्त करणाऱ्याकडे चौकशी करणे वाया जात नाही. फक्त व्होल्ट, वॅट आणि नळीच्या तोंडाचे माप जुळले पाहिजे.

हात लावण्यापूर्वी

पिन सॉकेटमधून काढावी; नुसते बटण बंद करून भागत नाही. ठोकळा गार व्हायला तासभर लागतो, आणि वरची लोकर गार लागली तरी आत चटका बसण्याएवढी धग असते. काम करताना पायात चप्पल असावी, जमीन कोरडी असावी, आणि शक्यतो घरात ईएलसीबी (वीज गळताच लाइन तोडणारा स्विच) बसवलेल्या लाइनवरच चाचणी घ्यावी.

एक धोका फार जणांना माहीत नसतो. स्वस्त मशीनच्या वायरवाल्या रिमोटमध्ये बॅटरीचे चार-सहा व्होल्ट नसतात. त्या बारीक वायरीतून थेट २३० व्होल्टची वीज खेळत असते. दिसायला तो रिमोट खेळण्यासारखा, म्हणून मंचाच्या कडेला बसलेल्या पोराच्या हातात दिला जातो. वायर पायाखाली तुडवली गेली, पडद्याच्या दोरीत अडकून सोलली गेली, किंवा दवाने भिजलेल्या मैदानात ओल्या हाताने बटण दाबले गेले, तर शॉक बसतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. अशा रिमोटची वायर जरा जरी फाटली असेल तर त्यावर चिकटपट्टी गुंडाळू नये; संपूर्ण वायर बदलावी. आणि मशीनच्या तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन कापलेली असेल, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी.

काहीच होत नाही

बटण दाबले, दिवा लागला नाही, आतून कसलाही आवाज नाही, अशा वेळी मशीन उघडण्याची घाई करू नये. आधी सॉकेट तपासावे, त्यावर दुसरा दिवा लावून पाहावा. मग मशीनच्या मागे वायर जिथे खोचतात तिथला काचेचा फ्यूज बाहेर काढावा. तो जळाला असेल तर तेवढ्याच अँपियरचा नवा घालावा. घातला आणि लगेच पुन्हा उडाला, तर तिसरा घालून पाहू नये; आत शॉर्ट आहे. वायरमनकडे सिरीज बोर्ड असतो, म्हणजे लाइनच्या मध्ये एक पिवळा बल्ब जोडलेला. त्यावर मशीन लावून हीटर आणि पंप यांच्या वायरी एकेक करून सोडवाव्यात. ज्या वायरी सोडवल्यावर बल्बचा भगभगीत उजेड नाहीसा होतो, त्या वायरींच्या टोकाशी शॉर्ट असू शकतो; हीटर मात्र धड असला तरी बल्ब जवळजवळ पूर्ण उजळतो, म्हणून त्याचा निकाल मीटरनेच लावावा.

दिवा लागतो, पण दहा-पंधरा मिनिटांनंतरही ठोकळा गार राहतो, तर शोध हीटरच्या वाटेवर घ्यायचा. पिन काढून, गार ठोकळ्यावर मल्टीमीटर ओहमवर ठेवावा आणि एलिमेंटच्या दोन टोकांना लावावा. किती ओहम यायला हवेत हे काढणे सोपे आहे. ५२,९०० या आकड्याला मशीनच्या वॅटने भागावे. हा आकडा म्हणजे २३० गुणिले २३०. ४०० वॅटला सुमारे १३२ ओहम, ९०० वॅटला ५९, १५०० वॅटला ३५. थोडा फरक चालतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर एलिमेंट तुटले आहे, आणि ते ठोकळ्यात ओतलेले असल्यामुळे पूर्ण ठोकळाच बदलावा लागतो.

मात्र एलिमेंट बरोबर निघाले, तर पुढचा संशयित थर्मल फ्यूज. बंदुकीच्या छोट्या गोळीसारखा हा धातूचा तुकडा हीटरच्या वायरीत बसवलेला असतो आणि त्याच्यावर अंश सेल्सियसमध्ये तापमान छापलेले असते. ठोकळा त्या तापमानापलीकडे गेला की तो एकदाच उडतो आणि कायमचा तुटतो. मीटरवर त्याची दोन टोके जोडलेली न दिसल्यास तो गेला. इथे एक चूक इतक्या वेळा होते की ती ठासून सांगायला हवी: थर्मल फ्यूजच्या जागी वायरीचा तुकडा जोडू नये. मशीन चालू होते, खेळही पार पडतो, पण पुढच्या वेळी थर्मोस्टॅट अडकला तर ठोकळ्याला थांबवणारे काहीच उरत नाही, आणि ते मशीन मखराच्या थर्माकोलजवळ किंवा पडद्याच्या कापडाखाली ठेवलेले असते. नवा फ्यूज तेवढ्याच तापमानाचा आणि तेवढ्याच अँपियरचा घ्यावा. इस्त्री आणि राइस कुकर दुरुस्त करणाऱ्यांकडे असे फ्यूज असतात, पण त्यांचे तापमान बहुधा बरेच कमी असते, म्हणून छापलेला आकडा वाचल्याशिवाय घेऊ नये. जोडताना कथलाचा सोल्डर वापरू नये. एक तर सोल्डरिंग करतानाच्या उष्णतेने नवा फ्यूज जागीच उडतो. दुसरे, नेहमीचे कथील १९० अंशांच्या आसपास वितळते, म्हणजे हीटरशेजारी ते टिकणारच नाही. तांब्याची किंवा पितळेची नळकांडी पक्कडीने दाबून जोड द्यावा आणि त्यावर फायबरग्लासची बाही चढवावी. साधी पीव्हीसी वायर ठोकळ्याजवळ आणू नये.

थर्मल फ्यूज उडाला म्हणजे तो का उडाला हेही शोधायला हवे. बहुतेक वेळा कारण एकच निघते: थर्मोस्टॅट ठोकळ्यापासून सैल झाला आहे, त्याला खरे तापमान कळत नाही. त्याचे दोन स्क्रू घट्ट करावेत, त्याखालची जुनी वाळलेली पेस्ट खरवडून हीटसिंकसाठी मिळणारी नवी पातळ लावावी. थर्मोस्टॅटचे संपर्कच चिकटून बसले असतील तर तो बदलावा.

तापतो, पण उशिरा

गावातल्या खेळांत ही तक्रार नेहमी येते, आणि मशीन कित्येकदा निर्दोष असते. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. २३० व्होल्टवर १५०० वॅट देणारा हीटर १८० व्होल्टवर जेमतेम ९२० वॅट देतो. पाच मिनिटांत तापणारे मशीन मग आठ मिनिटांहून जास्त घेते, आणि एकदा थंडावले की पुन्हा उभे राहायलाही तेवढाच उशीर. मैदानातले हॅलोजन, साउंडचे ॲम्प्लिफायर आणि जनरेटर अशा सगळ्या ओढाताणीत व्होल्टेज किती उरते हे खेळ चालू असताना मल्टीमीटरने मोजावे. रिकाम्या मंचावर मोजून उपयोग नाही.

दुसरा चोर म्हणजे लांब वायर. १५०० वॅटचे मशीन साडेसहा अँपियर ओढते. ३० मीटर लांब, पाऊण चौरस मिलिमीटर जाडीच्या वायरीत सुमारे १० व्होल्ट वाटेतच जातात, आणि वायर गुंडाळीवर तशीच ठेवली तर ती गरम होऊन वितळू शकते. अडीच चौरस मिलिमीटरची वायर वापरली तर हीच घट तीन व्होल्टवर येते. एवढ्या मशीनला पाच अँपियरचा छोटा सॉकेट देऊ नये. मोठा पॉवर पॉइंटच द्यावा, आणि त्याच वायरीवर दुसरे काही लावू नये.

ईएलसीबी पडतो

पावसाळ्यात पडून राहिल्यावर, गणपतीच्या तोंडावर, हा बिघाड हटकून दिसतो. मशीन लावले की क्षणात घराची लाइन जाते. एलिमेंटच्या आत तार आणि बाहेरची धातूची नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासलेली असते. ती वीज अडवते आणि उष्णता जाऊ देते. पण ही भुकटी हवेतला ओलावा शोषते. टोकाचे सील जुने झाले की दोन-तीन महिन्यांच्या दमट हवेत ती इतकी ओली होते की वीज ठोकळ्यात आणि तिथून अर्थिंगमध्ये गळू लागते. ईएलसीबी ३० मिलिअँपियरला पडतो, आणि पडतो ते बरेच करतो.

तपासण्यासाठी एलिमेंटचे टोक आणि ठोकळ्याचा धातू यांच्यामध्ये मीटर लावावा. काही किलोओहम दिसले तर निदान झाले. मीटरची बॅटरी कमी व्होल्टची असल्याने काही वेळा तो फसतो. ५०० व्होल्टचा मेगर (वीजगळती तपासण्याचे मीटर) असेल तर त्यावर किमान एक मेगाओहम आला पाहिजे. असा ठोकळा बहुधा फेकून द्यावा लागत नाही, वाळवावा लागतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी पंप आणि मोटरींचे रिवाइंडिंग करणारे कारागीर असतात आणि काहींकडे वार्निश वाळवण्याची भट्टी असते. लोकर, थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, रबरी आणि प्लॅस्टिकचे सगळे भाग काढून नुसता ठोकळा तिथे १२० ते १५० अंशांवर तीन-चार तास ठेवला की ओलावा निघून जातो. नंतर पुन्हा मेगर लावावा. आकडा वर आला नाही तरच नवा ठोकळा घ्यावा. ईएलसीबी काढून टाकून खेळ उरकणे हा यावरचा उपाय नव्हे. त्या मंचावर अनवाणी, घामाने भिजलेले नर्तक नाचत असतात.

दिवा लागतो, धूर येत नाही

मशीन तापले, रिमोटचा दिवा लागला, बटण दाबले आणि तोंडातून काही आले नाही. इथून पुढचे निदान कानाने करायचे.

बटण दाबल्यावर पूर्ण शांतता असेल तर पंपाला वीज पोहोचत नाही. रिमोट बदलून पाहावा. बिनवायरीच्या रिमोटमध्ये १२ व्होल्टची बोटाच्या पेराएवढी बॅटरी असते. पडून राहून ती संपलेली असू शकते, आणि हा सर्वांत स्वस्त बिघाड सर्वांत शेवटी सुचतो. मशीनवर हाताने दाबायचे बटण असेल तर तेही दाबून पाहावे. तरीही शांतताच राहिली तर पंपाच्या दोन टर्मिनलांवरचे लग काढून पाहावेत. खाऱ्या हवेने त्यांच्यावर हिरवा-पांढरा थर चढलेला असतो; बारीक पॉलिश पेपरने घासून, लग पक्कडीने किंचित आवळून पुन्हा बसवले की कित्येक मशीन तेवढ्यावर सुरू होतात.

पंप ‘गुर्र’ करतो, पण धूर नाही, असे असेल तर आवाजाचा पोत ऐकावा. कोरडा पंप पातळ, कर्कश, पत्र्यावर बोट वाजवल्यासारखा वाजतो. द्रव चढला की तोच आवाज जड आणि दबका होतो. आवाज पातळच राहत असेल तर द्रव पंपापर्यंत येत नाही. टाकीत द्रव आहे ना, नळी तळाला पोहोचते ना, जाळीवर गाळ बसला आहे का, हे पाहावे. टाकीतली नळी जुनी झाली की तिला केसाएवढी भेग पडते आणि पंप द्रवाऐवजी हवा ओढतो. अशी नळी बोटांत वाकवून उजेडाकडे धरली की भेग दिसते. हवा अडकली असेल तर पंपाच्या आत जाणाऱ्या बाजूला सिरिंजने थोडे डिस्टिल्ड वॉटर भरावे आणि बटण तुटक तुटक दाबावे. कोरडा पंप मिनिटभराहून जास्त चालवू नये, त्याचे वेटोळे जळते.

आवाज जड आहे, पंप अडून गुरगुरतो आहे, तर पुढे कुठेतरी तुंबले आहे. तुंबले पंपात की ठोकळ्यात, हे ठरवणारी चाचणी अशी. मशीन पूर्ण गार करावे. पंपापासून ठोकळ्याकडे जाणारी नळी ठोकळ्याच्या बाजूने सोडवून तिचे तोंड बाटलीत धरावे. पंपाच्या वायरी मशीनपासून सोडवून सिरीज बोर्डवरून पंपाला काही सेकंद वीज द्यावी. बाटलीत जोमाने पिचकाऱ्या आल्या तर पंप ठीक, ठोकळा तुंबलेला. थेंब थेंब आले किंवा काहीच आले नाही तर पंपच उघडायचा. ही चाचणी माहीतगार वायरमनच्या हातूनच व्हावी.

पंप उघडताना प्रत्येक भाग काढला की मोबाइलवर फोटो घ्यावा. पितळी तोंड सोडवले की आधी एक इवलीशी स्प्रिंग आणि तिच्यापुढे मसुराच्या दाण्याएवढी रबरी गोळी हातात येते. हा परत न येऊ देणारा व्हॉल्व्ह. मागे ओ-रिंग, मग दट्ट्या आणि त्याची मोठी स्प्रिंग. पावसाळाभर द्रवासह ठेवलेल्या पंपात दट्ट्याभोवती मधासारखा पिवळा, दोरा सुटणारा थर असतो आणि दट्ट्या बोटाने ढकलला तरी हलत नाही. सगळे भाग कोमट डिस्टिल्ड वॉटरमध्ये तासदोन तास बुडवून ठेवले की हा थर सुटतो, कारण ग्लायकोल पाण्यात विरघळते. स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. दट्ट्यावर एक चरा पडला तरी दाब टिकत नाही. रबरी गोळीला खाच पडली असेल तर ती बदलावी. जोडताना पंपावरचा बाण ठोकळ्याच्या दिशेने राहील असे पाहावे.

काही पंपांच्या वायरीत एक छोटा काळा डायोड असतो, बहुधा १एन४००७. तो विजेची अर्धी लाट अडवतो, म्हणून दट्ट्याला मागे येण्यास सवड मिळते. डायोड तुटला तर पंप मुका होतो. डायोड शॉर्ट झाला तर पंप जोरात थरथरतो, भराभर तापतो, पण द्रव मात्र ढकलत नाही. ज्या पंपात डायोड वेटोळ्यातच दडवलेला असतो, त्यावर ओहमचा आकडा फसवा येतो. तिथे मीटरपेक्षा बाटलीतली पिचकारी खरी.

ठोकळा तुंबला असेल तर आधी नोझल सोडवावे. ते गार असताना पान्ह्याने काढावे, छिद्रातला काळा कोळसा बारीक तारेने, सतारीची किंवा गिटारची सर्वांत बारीक तार त्याला उत्तम, हलकेच काढावा. छिद्र मोठे करू नये. मोठ्या छिद्रातून वाफेऐवजी गरम थेंब उडतात. नंतर ठोकळ्याच्या आतली नळी. चार भाग डिस्टिल्ड वॉटर आणि एक भाग पांढरे व्हिनेगर असे मिश्रण सिरिंजने तिच्यात भरावे, रात्रभर राहू द्यावे, सकाळी पुन्हा सिरिंजने ढकलून काढावे. बाहेर येणारे पाणी तपकिरी असते. ते स्वच्छ येईपर्यंत हेच करत राहावे आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने धुवावे. व्हिनेगरने पाण्यातल्या क्षारांचा थर जातो. जळून कोळसा झालेल्या ग्लायकोलवर मात्र ते फारसे चालत नाही. तसा कोळसा असेल तर पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नळीच्या उलट बाजूने द्यावी, डोळ्यांवर चष्मा लावून, तोंडासमोर कोणी उभे नसताना. एवढे करूनही वाट मोकळी झाली नाही, तर लहान मशीनसाठी नवा ठोकळा शोधत बसण्यापेक्षा नवे मशीन घेऊन जुन्याचा पंप आणि रिमोट सुट्या भागांसाठी ठेवणे शहाणपणाचे. मोठ्या मशीनचा ठोकळा मात्र मागवण्यासारखा असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर अशा भागांची चौकशी करता येते, आणि गणपतीला येणाऱ्या मुंबईकर मंडळींकडून तो मागवायचा तर मॉडेल नंबर आणि जुन्या ठोकळ्याचे स्क्रूंमधले अंतर मोजून पाठवावे.

धुराऐवजी पाणी

तोंडातून धुराबरोबर गरम थेंब उडतात आणि मंचावर ओला डाग पडतो, याचा अर्थ ठोकळा पुरेसा तापण्याआधीच द्रव आत जातो आहे. व्होल्टेज कमी असणे, थर्मोस्टॅट लवकर वाट मोकळी करणे किंवा पंप जास्त ताकदीचा बसवलेला असणे, ही तीन कारणे. हा बिघाड दिसताच खेळापुरते मशीन बंद ठेवावे. ओलसर ग्लायकोल फळीवर फार निसरडे असते, आणि चाळ बांधून नाचणाऱ्याचा पाय त्यावरून सुटला तर तो सावरत नाही. तोंडापासून निदान अर्ध्या-पाऊण मीटरच्या आत कोणी येणार नाही, अशीच मशीनची जागा निवडावी.

बटण सोडल्यावरही थोडा धूर झिरपत राहतो, तो मात्र नेहमीचा; ठोकळ्यात शिल्लक राहिलेला द्रव वाफ होऊन बाहेर येतो. मिनिट-दोन मिनिटे उलटली तरी तो थांबत नसेल तर पंपातली रबरी गोळी नीट बसत नाही.

द्रव

स्मोक मशीनचे सगळ्यांत जास्त नुकसान चुकीच्या द्रवाने होते. औषधाच्या दुकानातले ग्लिसरीन नळाच्या पाण्यात मिसळून घरी द्रव करण्याची पद्धत बरीच रूढ आहे. एखाद्या खेळापुरते ते चालते, पण प्रमाण चुकून ग्लिसरीन जास्त झाले तर नळीत कोळसा धरतो, आणि ग्लिसरीन फार तापले की त्यापासून ॲक्रोलीन नावाचा डोळे आणि घसा झोंबवणारा वायू तयार होतो. मंचावर गाणाऱ्या बुवांचा आवाज आणि पुढच्या रांगेतली दम्याची माणसे यांना तो लगेच बाधतो. विहिरीच्या किंवा नळाच्या पाण्यातले क्षार वाफेबरोबर जात नाहीत. ते ठोकळ्यात राहतात. म्हणून पाणी घालायचेच तर डिस्टिल्ड वॉटर. गाडीच्या रेडिएटरचा कूलंट कधीही घालू नये. त्यात बहुधा एथिलीन ग्लायकोल असते आणि ते विषारी आहे. अत्तर, धूपतेल, रंग यांपैकी काहीही टाकीत जाऊ नये. डबा फोडला की झाकण घट्ट लावावे, आणि गेल्या वर्षीचा गढूळ झालेला द्रव टाकून द्यावा.

पावसाळ्यापूर्वी

मे महिन्यातला शेवटचा खेळ झाला की टाकी रिकामी करून, व्हिनेगरचे तेच मिश्रण घालून मशीन मोकळ्या अंगणात पाच-सात मिनिटे थांबत थांबत चालवावे, नंतर तेवढाच वेळ नुसत्या डिस्टिल्ड वॉटरवर. मशीन गार झाल्यावर टाकी सुती फडक्याने पुसून उघडी वाळवावी. सिमेंटच्या जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नये. फळीवर ठेवून, सिलिका जेलच्या पुड्या घालून प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत बांधावे. बुटांच्या आणि औषधांच्या खोक्यांत येणाऱ्या पुड्या चालतात, मात्र आधी उन्हात किंवा तव्यावर मंद आचेला गरम करून घ्याव्यात.

एवढ्याने भागत नाही. जून, जुलै आणि ऑगस्टमध्ये महिन्यातून एकदा मशीन बाहेर काढून, टाकीत वाटीभर ताजा द्रव घालून, पंधरा मिनिटे तापत ठेवावे आणि दोन-चार वेळा धूर सोडावा. या पंधरा मिनिटांत एलिमेंटच्या भुकटीतला ओलावा उडून जातो आणि पंपाचा दट्ट्या मोकळा राहतो. मग पुन्हा डिस्टिल्ड वॉटरने धुऊन टाकी वाळवून ठेवावे. कधी चालवले ती तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहावी. शेजारीच त्या मशीनच्या थर्मल फ्यूजचे तापमान, काचेच्या फ्यूजचे अँपियर आणि एलिमेंटचे ओहम लिहून ठेवले तर पुढच्या दुरुस्तीला मोजमाप नव्याने काढावे लागत नाही. अवजारांच्या पेटीत दोन थर्मल फ्यूज, चार काचेचे फ्यूज, रिमोटची एक बॅटरी, हातभर नळी आणि पंपाची एक जादा रबरी गोळी पिशवीत बांधून ठेवावी. भर नमनात, रात्री बारा वाजता, यांपैकी काहीही गावात मिळत नाही.